पेनल्ट्यांनी भरलेली कॉलेज आइस हॉकीची मॅच: कुठे बघायचं, कधी ओरडायचं

आधी रेफ्रीचा हात बघायची सवय लावा. गोलसमोर पाच-सहा जण एकमेकांच्या अंगावर गेले, कोणाचं हेल्मेट निघालं, कोणाच्या तोंडावर ग्लोव्ह घासला गेला की सगळं स्टेडियम उभं राहतं आणि सगळ्यांच्या नजरा त्या घोळक्यात अडकतात. घोळक्यात काहीच कळत नाही. शिक्षा कोणाला, किती मिनिटांची आणि पुढची दोन मिनिटं कोणत्या संघाची, हे बाजूला उभा असलेला, दंडावर नारिंगी पट्टी बांधलेला रेफ्री ठरवतो आणि हातांनीच सांगतो. ही खुणांची भाषा ज्याला येते तो प्रेक्षक वेळेवर ओरडतो. बाकीचे शेजाऱ्याला विचारतात, "काय झालं?"

पुण्या-मुंबईहून शिकायला अमेरिकेत ॲन आर्बर, मॅडिसन, मिनीॲपोलिस किंवा बॉस्टनला गेलेल्या मुलामुलींसाठी हे मुद्दाम लिहिलं आहे. आपल्याकडे हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि खडकीचा धनराज पिल्ले. तिकडे नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरचीच. पण पेनल्टीची कल्पना आपल्याला परकी नाही. मैदानी हॉकीत हिरवं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो आणि संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. आइस हॉकीत हेच सामन्यात दहा-पंधरा वेळा घडू शकतं, आणि सगळा सामना त्यावर फिरतो. एक गोंधळ मात्र आधीच दूर करा. 'पॉवर प्ले' म्हटलं की आपल्या डोक्यात ट्वेंटी-ट्वेंटीची पहिली सहा षटकं येतात. इथे पॉवर प्ले म्हणजे समोरचा गडी शिक्षा भोगत असताना मिळालेली जादा माणसाची संधी.

खाली सगळं पुरुषांच्या कॉलेज सामन्यांबद्दल आहे. महिलांच्या सामन्यांत अंगावर धडक देण्याचे नियम वेगळे आणि जास्त कडक असतात.

जागा आणि कपडे

काचेला लागून असलेली पहिली रांग फोटोसाठी छान, पण पेनल्ट्यांनी भरलेली मॅच तिथून नीट दिसत नाही. धडक अगदी तुमच्या नाकासमोर होते, पण पलीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय ते कळत नाही. दहाव्या-बाराव्या रांगेच्या वर, कोपऱ्याच्या बाजूला बसा. बहुतेक ठिकाणी दोन्ही संघांचे बेंच एका बाजूला आणि पेनल्टी बॉक्स, म्हणजे शिक्षा झालेला गडी बसतो तो कप्पा, समोरच्या बाजूला, स्कोअररच्या टेबलाला लागून असतात. बॉक्स दिसेल अशी जागा निवडा.

आत साधारण १० ते १५ अंश तापमान असतं. जाड लोकरी हातमोज्यांनी टाळी वाजत नाही, म्हणून पातळ घ्या. गोलच्या मागे जाळी असते, बाजूंना फक्त काच. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड. ती काचेवरून उडून स्टँडमध्ये येते. खेळ चालू असताना बाजूच्या रांगांत मान खाली घालून मोबाइल बघू नका.

माणसं मोजा, मग घड्याळ बघा

बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात: एक गोलकीपर आणि पाच स्केटर. वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि शिट्टी झाली की घड्याळ थांबतं. पेनल्टीचं घड्याळही त्याबरोबर थांबतं, म्हणून 'दोन मिनिटं' प्रत्यक्षात चार-पाच मिनिटं चालू शकतात.

स्कोअरबोर्ड उलटा मोजतो. बोर्डावर ७:२० उरलेले असताना दोन मिनिटांची पेनल्टी झाली तर ती ५:२० ला सुटते. पण नंतर बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, वाचताना हीच पेनल्टी १२:४० या वेळेला नोंदलेली दिसेल, कारण कागदावर किती वेळ गेला ते लिहितात, किती उरला ते नाही. हे माहीत नसलं की लोक उगाच नोंदीत चूक शोधत बसतात.

सामना तापला की पेनल्ट्या एकावर एक चढतात. तिथे एक नियम पक्का लक्षात ठेवा: संघ कितीही शिक्षा खाऊ दे, बर्फावर तीन स्केटरपेक्षा कमी होत नाहीत. समजा, एकाच संघाचा पहिला गडी ९:०० ला आत गेला, दुसरा ८:२० ला आणि तिसरा ८:०० ला. तिसऱ्याचं घड्याळ लगेच सुरू होत नाही, पहिल्याची शिक्षा ७:०० ला संपली की सुरू होतं. त्या क्षणी पहिल्याची वेळ भरली, तरी दार उघडत नाही, कारण तो बाहेर आला तर बर्फावर चार जण होतील आणि संघाला अजून तीनचीच मुभा आहे. दुसऱ्याची शिक्षा ६:२० ला संपली की मग पहिला बाहेर पडतो. मध्ये शिट्टी झाली किंवा गोल झाला तर हिशोब बदलतो. असं काही चाललं असताना "त्याची वेळ संपली, सोडा त्याला!" असं अर्धं स्टेडियम ओरडतं, आणि स्कोअररचं बरोबर असतं.

दोन्ही संघांचा एकेक गडी एकाच वेळी दोन मिनिटांसाठी गेला तर चार विरुद्ध चार होतं. मोकळी जागा वाढते, वेगवान संघाचं फावतं. पण दोन्हीकडे एकेक पाच मिनिटांची शिक्षा झाली तर बदली खेळाडू येतात आणि पाच विरुद्ध पाचच राहतं.

हात वर गेला म्हणजे काय

रेफ्रीने एक हात सरळ वर केला आणि शिट्टी वाजवली नाही, तर पेनल्टी झालेली आहे, फक्त खेळ अजून थांबलेला नाही. चूक करणाऱ्या संघाने पकवर ताबा मिळवला की शिट्टी वाजणार. तोपर्यंत दुसऱ्या संघाला मोकळं रान.

आता त्या संघाच्या गोलकीपरकडे बघा. त्याला हात दिसला की तो गोल सोडून पाय जुळवत बेंचकडे सुसाट निघतो आणि त्याच्या जागी सहावा स्केटर उडी मारून येतो. नवख्या माणसाच्या छातीत धस्स होतं, गोल रिकामा! पण समोरच्या संघाने पक ताब्यात घेताक्षणी शिट्टी वाजणार असल्याने त्यांना त्या रिकाम्या गोलावर मारायची संधीच मिळत नाही. धोका एकच: आपल्याच माणसाचा चुकलेला पास घरंगळत मागे जाऊन आपल्याच गोलात शिरणं. असं क्वचित होतं, पण होतं.

आवाज करायची सगळ्यात चांगली वेळ हीच. तुमच्या संघाच्या बाजूने हात वर गेलाय हे बर्फावरच्या सगळ्यांना दिसेलच असं नाही. स्टँडमधून एकदम गलका उठला की पकवाल्या गड्याला कळतं, घाई करायची गरज नाही, फिरवत बस.

इथे कॉलेजचा नियम एनएचएलपेक्षा, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगपेक्षा, वेगळा आहे. एनएचएलमध्ये हात वर असताना गोल झाला की दोन मिनिटांची शिक्षा माफ होते. कॉलेजमध्ये २०१०-११ च्या हंगामापासून गोल झाला तरी पेनल्टी लागतेच. गोलही मिळतो, वर पॉवर प्लेही. टीव्हीवर एनएचएल बघून आलेले लोक इथे हमखास चकतात.

खुणा ओळखा

शिट्टीनंतर रेफ्री गड्याकडे बोट करतो, त्याचा नंबर सांगतो आणि खूण करतो. लाउडस्पीकरवर घोषणा यायला आणखी वीस-तीस सेकंद जातात. खुणा पाठ असतील तर तुम्ही घोषणेच्या पुढे असता.

स्टिकचे गुन्हे आधी. दोन्ही मुठी पुढून पोटाकडे ओढल्या, विहिरीचा दोर ओढावा तशा, तर हुकिंग: स्टिकचा आकडा अडकवून समोरच्याला मागे खेचलं. एका हाताच्या कडेने दुसऱ्या हातावर कोयत्यासारखे घाव म्हणजे स्लॅशिंग: स्टिकने समोरच्याला फटका मारला. दोन मुठी एकावर एक, डोक्याच्या बाजूला, म्हणजे हाय स्टिकिंग, स्टिक खांद्याच्या वर जाऊन कोणाला तरी लागली. दोन्ही मुठी छातीपासून पुढे-मागे ढकलल्या तर क्रॉस चेकिंग: स्टिक दोन्ही हातांत आडवी धरून ढकलणं. गोलसमोरच्या हाणामारीत सगळ्यात जास्त हेच होतं, आणि सगळ्यात जास्त सुटतंही. गुडघ्याखाली पायावर हाताचा फटका म्हणजे ट्रिपिंग: पायात अडकवून पाडलं.

मग हाताचे आणि अंगाचे. एका हाताने दुसरं मनगट धरलं तर होल्डिंग. मूठ वळून हात बाजूला झटकला तर रफिंग, म्हणजे शिट्टीनंतरची ढकलाढकली आणि तोंडावर मारलेले ग्लोव्ह. कोपरावर थाप म्हणजे एल्बोइंग. मूठ तळहातावर आपटली तर बोर्डिंग: समोरच्याला कडेच्या फळ्यांवर धोकादायक रीतीने आदळवलं. दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या, सूत गुंडाळावं तशा, तर चार्जिंग: लांबून वेग घेऊन किंवा उडी मारून अंगावर जाणं. दोन्ही हात कमरेवर, म्हणजे मिसकंडक्ट. आणि दोन्ही हात आडवे पसरून झटकले तर 'काही झालेलं नाही, खेळा'.

छातीवर हातांची फुली म्हणजे इंटरफिअरन्स, आणि स्टँडमधले सर्वाधिक वाद यावरच होतात. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने, अंगाने धडक देणं कायदेशीर आहे, जोरात दिली तरी, फक्त ती बोर्डिंग किंवा चार्जिंगमध्ये बसता कामा नये. पक नुकताच सोडला असेल तरी चालतं, कारण धडक देणारा आधीच निघालेला असतो आणि बर्फावर ब्रेक लागत नाहीत. पण पक सोडून क्षण उलटून गेला, गडी दुसरीकडे बघतोय, आणि तेव्हा धडक बसली तर इंटरफिअरन्स. फरक सेकंदापेक्षा लहान असतो. म्हणून धडकेचा आवाज किती मोठा होता त्यावरून निकाल देऊ नका. धडक बसली तेव्हा पक कुठे होता ते बघा.

दोन, पाच, दहा आणि थेट घरी

दोन मिनिटांची ती मायनर. समोरच्याने पॉवर प्लेवर गोल केला की ती तिथेच संपते. पाच मिनिटांची मेजर मात्र पूर्ण भोगावी लागते, मध्ये दोन गोल झाले तरी. सामना बिघडतो तो बहुधा मेजरने, म्हणून जोरदार धडकेनंतर रेफ्री हेडसेट लावून व्हिडिओ बघायला गेले की श्वास रोखून बसा. डोक्याला लागलेला मार आणि पाठीमागून दिलेली धडक यांकडे कॉलेज हॉकीत फार कडकपणे बघतात. व्हिडिओ बघून शिक्षा कमीही होते, वाढतेही.

दहा मिनिटांची मिसकंडक्ट ही वेगळी चीज आहे. गडी दहा मिनिटं बसतो, पण संघ कमी पडत नाही, बदली माणूस खेळतो. 'दोन अधिक दहा' असं ऐकलं तर दोन मिनिटं संघ एक गडी कमी खेळणार आणि तो गडी त्यानंतरही बराच वेळ दिसणार नाही.

गेम मिसकंडक्ट म्हणजे गडी त्या सामन्यातून बाद. डिसक्वालिफिकेशन त्याहून जड: हा सामना गेलाच, पुढचाही गेला. त्याच हंगामात दुसऱ्यांदा झालं तर पुढचे दोन सामने, तिसऱ्यांदा झालं तर तीन. बाद झालेल्या गड्याची पाच मिनिटं त्याचा साथीदार बॉक्समध्ये बसून काढतो. त्यामुळे ज्याने काहीच केलं नाही असा पोरगा तिथे बसलेला दिसतो. त्याला शिव्या घालण्यात काही अर्थ नाही. गोलकीपरची मायनरही अशीच दुसरा कोणी भोगतो.

मारामारीला कॉलेजमध्ये ही डिसक्वालिफिकेशनच लागते. एनएचएलमध्ये ठोसे मारून पाच मिनिटांनी गडी परत येतो, इथे येत नाही. त्यातून कॉलेजच्या प्रत्येक खेळाडूच्या तोंडावर चेहरा पूर्ण झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची आहे, म्हणजे ठोसा मारणाऱ्याचीच बोटं मोडायची. कॉलेजचे सामने बरेचदा शुक्रवार-शनिवार असे जोडीने, त्याच दोन संघांत होतात. शुक्रवारी तिसऱ्या पिरियडला, ५-१ असा निकाल लागलेला असताना, "मार त्याला!" म्हणून तुम्ही बचावातल्या सगळ्यात चांगल्या गड्याला पेटवलंत आणि त्याने हात उचलला, तर शनिवारी तो साध्या कपड्यांत वर बसलेला असेल. मारामारीसाठी आवाज देणं हे आपल्याच संघाचं नुकसान आहे. आणि ही विशी-बाविशीतली मुलं आहेत, डोक्याला बसलेला मार त्यांना पुढे आयुष्यभर पुरतो. घोळका जमला की ओरडा, पण खेळाडूंना वेगळं करणाऱ्या लाइन्समनना, म्हणजे रेफ्रीच्या साहाय्यकांना, आपलं काम करू द्या.

सामना कुठे पेटतो

पेनल्ट्या अचानक पडत नाहीत. दुसऱ्या पिरियडला संघ बाजू बदलतात आणि प्रत्येकाचं बेंच स्वतःच्या गोलपासून लांब जातं. बचाव करताना दमलेल्या गड्याला बेंच गाठता येत नाही. तो चाळीस-पंचेचाळीस सेकंदांऐवजी दीड मिनिट बर्फावर राहतो, पाय चालत नाहीत, मग स्टिक पुढे जाते. हुकिंग आणि ट्रिपिंग बरेचदा थकव्याच्या पेनल्ट्या असतात. दुसऱ्या पिरियडमध्ये तुमचा संघ आपल्या भागात अडकला की मनात सेकंद मोजा. साठच्या पुढे गेलात तर रेफ्रीचा हात वर जायची तयारी ठेवा.

गोलकीपरला कोणी धक्का दिला की हमखास पेटतं. फुसांडत साथीदार येतो, बदला घेतो आणि शिक्षा त्यालाच होते. "सुरुवात त्याने केली!" असं सगळी रांग ओरडते, आणि ते खरंही असतं. पण रेफ्रीची नजर पकवर असते. पहिला लपूनछपून मारतो, तेव्हा ती पकवरच राहते, दुसरा मारतो तोपर्यंत गलका होऊन ती वळलेली असते. जाणते खेळाडू म्हणून मुद्दाम डिवचतात आणि दोन्ही हात वर करून मागे सरकतात. तुमच्या संघात असा चटकन भडकणारा कोण, हे दोन सामन्यांत कळतं. त्याला डिवचलं की त्याला शांत ठेवणारा कॅप्टन मध्ये येतो का, ते बघा.

पॉवर प्लेवर काय ओरडायचं

'शूट!' ओरडू नका. ही सवय सगळ्या स्टेडियमांत आहे आणि ती वाईट आहे. पाच विरुद्ध चारमध्ये बचाव करणारे चौघे गोलसमोर चौकोन धरतात, आणि त्यांच्या स्टिका नेमक्या फटक्याच्या वाटेत असतात. पक फिरवून तो चौकोन वाकडा केला की मगच वाट उघडते. घाईने मारलेला फटका समोरच्याच्या नडगीला लागून उलटा उडतो आणि तो एकटाच गोलकीपरवर धावून जातो. चांगला पॉवर प्लेसुद्धा साधारण चार-पाचांत एकदाच गोल करतो, तेव्हा पहिल्या वीस सेकंदांत गोल नाही झाला म्हणून कण्हत बसू नका.

तुमचा संघ कमी माणसांत असेल तेव्हा खरं काम स्टँडचं असतं. कमी गड्यांच्या संघाला पक सरळ पलीकडच्या टोकाला फेकायची मुभा असते, त्यावर आयसिंगची शिट्टी होत नाही (एरवी असा लांब फटका मारला की खेळ थांबवतात, त्याला आयसिंग म्हणतात). असा प्रत्येक लांब फटका म्हणजे पंधरा-वीस सेकंद खाल्ले. त्यावर टाळ्या वाजवा, अंगावर फटका झेलणाऱ्यासाठी त्याहून जोरात. दोन मिनिटं पूर्ण काढली की उभे राहा. गोलइतकंच ते मोलाचं आहे.

शेवटचे पाच सेकंद मात्र बॉक्सकडे बघा. आतला गडी उभा राहिलेला असतो, एक पाय उंबरठ्याला टेकवून, नजर घड्याळावर. दारावरच्या माणसाचा हात कडीवर. पलीकडे पॉवर प्लेवाल्या संघाचा गोलकीपर आपली स्टिक बर्फावर ठक्, ठक्, ठक् आपटतो: सांभाळा, तो सुटतोय! कारण बॉक्स मधोमध असतो आणि सुटलेला गडी हल्ला करणाऱ्यांच्या पाठीमागे बर्फावर उतरतो. नेमक्या त्या क्षणी त्याला लांब पास मिळाला तर तो आणि गोलकीपर, मध्ये कोणीच नाही. कडी उघडल्याचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ बसायला मिळालं तर ती जागा सोडू नका.

रेफ्रीवर राग आला तर

राग येणारच, आणि कधीकधी तो बरोबरही असतो. पण हुर्यो उडवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. पक कोणाकडे होता? स्टिक किंवा हात नेमका कुठे लागला? आणि त्यामुळे समोरच्याची चाल मोडली का, म्हणजे तो पडला, वळला, संधी गेली? तिन्ही उत्तरं रेफ्रीच्या बाजूने असतील तर तुमच्या माणसाने गाढवपणा केलाय, रेफ्रीने नाही.

पक्षपात झाला असं वाटत असेल तर कागदावर मांडा. चार रकाने पुरतात: वेळ, संघ, गुन्हा, बर्फाचा कोणता भाग. उदाहरणार्थ, 'दुसरा पिरियड, ११:४०, आपण, हुकिंग, आपला भाग'. सामन्याच्या शेवटी नुसती बेरीज करू नका. 'त्यांना ४ आणि आम्हाला ९' यावरून काहीही सिद्ध होत नाही. शेजारी शॉट्सचा आकडा बघा. समोरच्याने दुप्पट शॉट मारले असतील तर तुमचा संघ रात्रभर पकच्या मागे धावत होता, आणि मागे धावणाराच स्टिकचा आकडा अडकवतो. खरा प्रश्न वेगळा आहे: एकाच प्रकारचा गुन्हा, बर्फाच्या त्याच भागात, एका संघाला लागला आणि दुसऱ्याला सुटला का? असे दोन-तीन जोडीचे प्रसंग कागदावर सापडले तरच तक्रारीला वजन आहे.

रेफ्री ढिले असणं वेगळं आणि पक्षपाती असणं वेगळं, हेही लक्षात घ्या. पहिल्या दहा मिनिटांत दोन्हीकडचे क्रॉस चेक सोडून दिले की खेळाडू मर्यादा तपासत जातात आणि तिसऱ्या पिरियडला सगळं हाताबाहेर जातं. मग एकदम शिट्ट्यांचा पाऊस पडतो. तेव्हा ओरडायचं असेल तर ते सुरुवातीला सोडलेल्या गुन्ह्यांबद्दल ओरडा.

आवाज कुठपर्यंत

विद्यार्थ्यांच्या स्टँडला स्वतःची परंपरा असते. गोल झाला की समोरच्या गोलकीपरला बोट दाखवून 'सीव्ह! सीव्ह!' म्हणजे 'चाळणी!' हा गजर बहुतेक ठिकाणी होतो. समोरचा गडी बॉक्सकडे निघाला की त्याला निरोप देणाऱ्या घोषणा असतात. पिरियडचं शेवटचं मिनिट उरलं अशी घोषणा झाली की काही ठिकाणी सगळे एका सुरात 'थँक यू!' म्हणतात. पहिल्या सामन्यात ऐका, दुसऱ्यात सामील व्हा. कॉलेजचा बँड खेळ थांबलेला असतानाच वाजतो, तेव्हा तुमची घोषणा त्याच्या मध्येच सुरू करू नका. भोंगे, शिट्ट्या घरी ठेवा. खेळ चालू असताना स्टँडमधून शिट्टी वाजली तर खेळाडू रेफ्रीची समजून थांबतात.

फेकाफेकीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट कॉर्नेल विद्यापीठाची. १९७३ मध्ये हार्वर्डच्या प्रेक्षकांनी कॉर्नेलमधल्या शेतकी कॉलेजवरून चिडवायला त्यांच्या गोलकीपरवर कोंबडी फेकली. तेव्हापासून हार्वर्डचा संघ लायना रिंकवर, म्हणजे कॉर्नेलच्या घरच्या बर्फावर, उतरला की तिथले विद्यार्थी मासे फेकतात. ते सामन्याच्या आधी होतं, म्हणून निभावतं. खेळ सुरू झाल्यावर घरच्या प्रेक्षकांनी काही फेकलं तर रेफ्री घरच्याच संघाला पेनल्टी देऊ शकतो. रागाच्या भरात फेकलेला एक पेला आणि संघ दोन मिनिटं कमी माणसांत. पेनल्ट्यांनी आधीच दमलेल्या संघाला यापेक्षा वाईट भेट देता येणार नाही.

खेळाडूचं घर, वंश, रंग, आजारपण यांवर बोलू नका. त्याचे आईवडील बहुधा पलीकडच्या रांगांत बसलेले असतात. शिवीगाळ केली तर सुरक्षारक्षक बाहेर काढतात, आणि योग्यच करतात. कोणी बर्फावर पडून उठत नसेल तर एकदम गप्प. कोणत्याही संघाचा असो, तो उठला की टाळ्या. दोन्ही बेंचवरचे खेळाडूही तेव्हा स्टिका आपटतात.

सामना बरोबरीत सुटला तर साखळी सामन्यांत पाच मिनिटांचा जादा वेळ, तीन विरुद्ध तीन. तिथे पेनल्टी झाली तर गडी कमी होत नाही, समोरच्याला चौथा मिळतो. पहिला गोल होताक्षणी सामना संपतो, म्हणून इथली एक पेनल्टी निकाल फिरवू शकते.

घरून भारतातून बघणार असाल तर हिवाळ्यात बॉस्टन किंवा ॲन आर्बरची शुक्रवारी संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला लागते, मिनीॲपोलिस किंवा मॅडिसनची साडेसहाला. फेब्रुवारीतली बॉस्टनच्या चार कॉलेजांची बीनपॉट स्पर्धा सोमवारी होते, म्हणजे आपली मंगळवारची पहाट.

सामन्यानंतर बॉक्स स्कोअर उघडा. पेनल्टीचा आकडा '९-२६' असा दिसला तर नऊ पेनल्ट्या, सव्वीस मिनिटं: आठ मायनर मिळून सोळा, वर दहाची एक मिसकंडक्ट. त्याच्या शेजारी पॉवर प्ले '१-५' म्हणजे पाच संधींत एक गोल. मग नावांच्या यादीत डिसक्वालिफिकेशन कोणाला लागली ते शोधा आणि शनिवारी खेळाडूंची यादी जाहीर झाली की त्याच्या जागी कोण आलंय ते बघून ठेवा. कमी माणसांतल्या पहिल्याच दोन मिनिटांत समोरचा संघ त्या नव्या गड्याच्या बाजूनेच घुसायचा प्रयत्न करेल.